प्रकल्पाचं डॉट इन नाव घ्यायचंय? आधी कोणाच्या नावावर ते ठरवा

दिवसभर मी सेंटरवर लोकांचे सातबारे काढून देतो, पीक विम्याचे फॉर्म भरतो, आणि रात्री जेवण झालं की एका आंतरराष्ट्रीय फ्री सॉफ्टवेअर प्रकल्पाचं मराठी भाषांतर आणि भारतातल्या साइटचं काम बघतो. दारव्ह्याच्या पुढं आमचं गाव. लाइन कधी जाते कधी येते, पण काम चालू आहे. मागच्या दोन वर्षांत नवीन आलेल्या पोट्ट्यांनी एकच प्रश्न इतक्यांदा विचारला की शेवटी म्हटलं एकदाच लिहून टाकू: आपल्या देशासाठी प्रकल्पाच्या नावाचं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घ्यायचं तर कसं घ्यायचं?

घ्यायला पाच मिनिटं लागतात. सांभाळायला मात्र वर्षं लागतात आणि सगळी गडबड तिथंच होते, म्हणून हा लेख सांभाळण्याबद्दलच जास्त आहे.

सुरुवातीला: नाव लागतं तरी का?

हा प्रश्न कोणी विचारतच नाही. देशाचं पान दाखवायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे मूळ प्रकल्पाच्या नावातच देशाचा तुकडा पाडून घ्यायचा. संगणकांची घड्याळं जुळवून देणारा एनटीपी पूल हा स्वयंसेवकांचा प्रकल्प २००३ पासून चालू आहे, त्यांच्याकडं भारताचा पत्ता इन डॉट पूल डॉट एनटीपी डॉट ऑर्ग असा आहे, प्रत्येक देशाला त्याच्या दोन अक्षरांनी तुकडा. डेबियन या फ्री ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिररचंही, म्हणजे फायलींच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचंही तसंच, जर्मनीचा पत्ता एफटीपी डॉट डीई डॉट डेबियन डॉट ऑर्ग. दुसरा रस्ता म्हणजे देशाच्या स्वतःच्या शेपटीचं वेगळं नाव, म्हणजे प्रकल्पाचं नाव आणि पुढं डॉट इन.

माझं मत विचाराल तर पहिला रस्ता मिळत असेल तर आधी तोच घ्या. भावाच्या वावरातल्या दोन ओळी तुमच्याकडं दिल्या तर धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं भांडण नाही, वेगळं रिन्यूअल नाही, मूळ प्रकल्पाची माणसं बघतात. डॉट इन घ्यायचं ते दोन कारणांसाठी: लोक सवयीनं तेच टाइप करतात, आणि आपण नाही घेतलं तर दुसरा कोणी घेऊन त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतो. घेतलं तरी बहुतेक वेळा ते नाव मूळ पानाकडं वळवून ठेवलं की झालं.

मग परवानगी

हा टप्पा गाळू नका, कितीही चांगल्या मनानं करत असाल तरी. प्रकल्पाचं नाव हा बहुतेक वेळा ट्रेडमार्क असतो आणि तो कुठल्यातरी संस्थेच्या नावावर असतो. डेबियनचा ट्रेडमार्क सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट या १९९७ मध्ये अमेरिकेत नोंदलेल्या ना-नफा संस्थेकडं आहे, लिब्रेऑफिस या ऑफिसच्या कामाच्या सॉफ्टवेअरचा द डॉक्युमेंट फाउंडेशनकडं. मोठ्या प्रकल्पांची ट्रेडमार्कची नियमावली असते, ती वाचा, आणि एक साधी मेल टाका की आम्ही अमुक देशातले इतके जण, अमुक नाव घ्यायचं म्हणतो, नाव संस्थेच्या नावावर हवं की आमच्या, आणि आम्ही सोडून गेलो तर परत कोणाला द्यायचं. उत्तराची वाट बघा, पंधरा दिवस लागले तरी. ती मेल जपून ठेवा, कारण पुढं कोणी तक्रार केली तर तोच तुमचा कागद. डॉट इनच्या तक्रारींसाठी २००५ पासून वेगळी लवाद पद्धत आहे, आणि तिथं हाच मुद्दा निघतो की नाव घेणाऱ्याचा त्या नावावर हक्क काय आणि हेतू काय.

देशाची अक्षरं आणि भाषेची अक्षरं

इथं आमच्याकडच्या एका हुशार पोराची फजिती झाली होती. तो म्हणे, दादा, मराठीच्या टीमसाठी डॉट एमआर घेऊन टाकू, मस्त दिसते. बाप्पा, डॉट एमआर म्हणजे मॉरिटानिया, आफ्रिकेतला देश. भाषांच्या कोडची यादी वेगळी आणि देशांच्या कोडची वेगळी. मराठी विकिपीडियाच्या पत्त्यात सुरुवातीला एमआर असतं ते भाषेचं, आणि नावाच्या शेवटी येणारी दोन अक्षरं ही देशाची. एमएल भाषेच्या यादीत मल्याळम आहे आणि देशांच्या यादीत माली, एनई म्हणजे इकडं नेपाळी आणि तिकडं नायजर, बीएन इकडं बांगला तिकडं ब्रुनेई, केएन इकडं कन्नड आणि तिकडं कॅरिबियनमधलं सेंट किट्स. नेपाळ देशाचं शेपूट एनपी आहे. प्रकल्पाची यादी बनवताना दोन रकाने वेगळे ठेवा, एक भाषा एक देश, नाहीतर वर्षभरानं कोणालाच कळत नाही कोणतं काय होतं.

देशांची यादी येते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ३१६६ नंबरच्या मानकातून. १९९४ मध्ये इंटरनेटची नावं-नंबर सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी जे टिपण लिहिलं त्यात स्पष्ट होतं की कोणता देश आणि कोणता नाही हे ठरवायच्या भानगडीत आम्ही पडणार नाही, आयएसओची यादी वापरतो. त्यातही अपवाद आहेतच, ब्रिटनचा कोड जीबी पण नाव डॉट यूके, आणि सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला तरी डॉट एसयू अजून चालूच आहे. उलट युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू २०१० मध्ये कायमचं बंद झालं, त्यावर ज्यांची साइट होती त्यांना दुसरीकडं हलावंच लागलं.

कोण देतं, कोणाला देतं

तीन माणसं लक्षात ठेवा. रजिस्ट्री, जी एका शेपटीची सगळी नावं सांभाळते, म्हणजे बियाण्याची कंपनी, रजिस्ट्रार, जो ती नावं आपल्याला विकतो, म्हणजे गावातलं कृषी केंद्र, आणि आपण घेणारे. बियाणं उगवलं नाही तरी आपण पहिले कृषी केंद्रावरच जातो, तसंच इथं. डॉट इनची रजिस्ट्री निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया), २००३ मध्ये सुरू झालेली संस्था. २००५ च्या जानेवारीपासून डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झालं, भारतात राहायची अट नाही.

पण सगळे देश असे नाहीत. कॅनडाच्या डॉट सीएला कॅनडाशी संबंध दाखवावा लागतो, ब्राझीलला तिथला कर क्रमांक लागतो, नॉर्वेत संस्थेला तिथला नोंदणी क्रमांक. नेपाळचं डॉट एनपी नेपाळी नागरिकाला फुकट मिळतं, फक्त कागद दाखवायचे. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रकल्पात दुसऱ्या देशाचं नाव तुम्ही इथून बसून घ्यायला जाऊ नका, त्या देशातला एक माणूस शोधा आणि त्याला घ्यायला सांगा, पण चाव्या दोघांकडं ठेवा.

आणि नियम मधेच बदलतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तर ब्रिटनमधल्या लोकांची डॉट इयू नावं २०२१ मध्ये निलंबित झाली आणि २०२२ मध्ये काढूनच टाकली. मालीचं डॉट एमएल कित्येक वर्षं फुकट वाटत होते, २०२३ मध्ये त्या देशानं कारभार परत आपल्या हातात घेतला आणि फुकटवाल्या कितीतरी साइटी बसल्या. फुकट शेपटीवर प्रकल्पाचं काहीही ठेवू नका, एवढं माझं ऐका.

आता मुख्य गोष्ट: नाव कोणाच्या नावावर

लोक डोमेनला सातबारा समजतात. सातबारा नाही ते, मक्ता आहे. पैसे भरले तितकी वर्षं तुमचं, नाही भरले की मालक दुसऱ्याला देतो. आणि मक्त्याच्या कागदावर ज्याचं नाव त्याचंच ऐकतात.

आमच्या भारतीय टीमचं नाव ज्या मित्रानं घेतलं त्यानं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या मेलवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर घेतलं. चूक काहीच नाही, तेव्हा टीम म्हणजे तोच होता. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, आमचं बोलणं कमी झालं. नोव्हेंबरात, ऐन वेचणीत, केरळातल्या एका सहकाऱ्याचा फोन आला की साइट उघडत नाही, कोणतं तरी पार्किंगचं, म्हणजे रजिस्ट्रार रिकाम्या नावावर लावतो ते पान येऊन राहिलं. बघतो तर मुदत संपलेली. मित्राला फोन लावला तर तो नंबरच त्याचा नाही. त्याच्या घरी गेलो, काकू अंगणात कापूस निवडत बसल्या होत्या, म्हणाल्या, ‘त्यानं तं पुन्याले गेल्यावर दुसरं सिम घेतलं ना बापा, तुले नाई सांगितलं काय?’ नवीन नंबर त्यांच्याकडून घेतला. मित्र बिचारा लगेच तयार झाला, पासवर्डही त्याला आठवला, पण नवीन मोबाइलवरून आत जायला ओटीपी लागतो आणि तो जातो जुन्या नंबरवर. आणि जुना नंबर आता धुळ्याकडच्या एका बाईंकडं.

मी गच्चीवर उभा, खाली नेटवर्क नाही, आणि त्या बाईंना समजावून सांगतो आहे की ताई, तुमच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे येतील ते मला सांगा. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्यांनी जे मला सुनावलं ते इथं लिहिता येत नाही, पोलिसात देते म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं, मी स्वतः सेंटरवर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला रोज हेच सांगतो की ओटीपी कोणाला देऊ नको. शेवटी मित्रानं ओळखपत्राची प्रत आणि सहीचं पत्र रजिस्ट्रारला पाठवलं, अकरा दिवस गेले, मुदतीनंतर सोडवायचे पैसे वेगळे लागले ते आम्ही चौघांनी वाटून भरले.

तेव्हा करायचं काय ते सांगतो. नोंदणी करताना संस्थेचं नाव असा एक रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. प्रकल्पाची संस्था परवानगी देत असेल तर तिचं नाव, नाहीतर तुमच्या नोंदणीकृत मंडळाचं. मंडळ नोंदलेलं नसेल तर माणसाच्या नावावर घ्या, पण मग त्याच दिवशी एक मेल लिहून सगळ्या टीमला पाठवा की हे नाव मी प्रकल्पासाठी धरून आहे, माझं वैयक्तिक नाही. संपर्काचा मेल कोणा एकाचा नको, टीमचा सामायिक मेल, ज्यावर आलेलं किमान तिघांना दिसतं. आणि हा मेल त्याच डोमेनवरचा नको! हे वाचायला साधं वाटतं पण चांगले चांगले फसतात: नाव बंद पडलं की त्यावरचा मेल बंद, आणि नाव सोडवायची मेल त्याच मेलवर येऊन राहिली असते. कुलूप लावून चावी घरात.

खात्याला ओटीपीऐवजी मोबाइलवरच्या ऑथेंटिकेटर ॲपचे आकडे लावता येत असतील तर तेच लावा, आणि सोबत मिळणारे रिकव्हरी कोड कागदावर छापून दोन वेगवेगळ्या घरी ठेवा. आमचा एक कागद सेंटरच्या कपाटात आहे, दुसरा वर्ध्याच्या एका ताईंकडं.

पैसे भरताना

डॉट इन एका वेळी १ ते १० वर्षांसाठी घेता येतं. माझं म्हणणं, पैसे असतील तर सरळ ५ वर्षांचं घ्या. ऑटो-रिन्यू लावून निवांत झोपू नका. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं दर वेळी आपोआप कापले जाणारे कार्डाचे पैसे तुम्ही आधी रीतसर मंजुरी दिली असेल तरच कापले जातात, त्यामुळं परदेशी रजिस्ट्रारकडं लावलेलं भारतीय कार्ड कधी मुकाट्यानं नाकारलं जातं, आणि मेल येते ती स्पॅममध्ये. रिन्यूअल मुदतीच्या आधी कधीही करता येतं आणि उरलेले दिवस वाया जात नाहीत, पुढचं वर्ष शेवटाला जोडलं जातं. म्हणून आम्ही तारीख बघतच नाही, दर वर्षी पोळ्याच्या आधी भरतो, कारण दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत सोयाबीन, कापूस, तूर एकामागून एक असतात आणि तेव्हा गावात कोणालाच काही सुचत नाही.

मुदत चुकलीच तर घाबरू नका पण थांबूही नका. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांना रजिस्ट्रारनं नाव काढल्यावर ३० दिवस सोडवायला मिळतात, महाग पडतं, आणि त्यानंतर ५ दिवसांनी नाव बाजारात खुलं होतं. देशांच्या नावांचे दिवस देशागणिक वेगळे, आपल्या रजिस्ट्रारच्या पानावर बघून वहीत लिहून ठेवा.

डॉट भारत घ्यायचं का?

घ्या, पण मुख्य पत्ता म्हणून नको. देवनागरीतलं डॉट भारत ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि त्यात पहिल्यापासून मराठी होती. दिसायला छान, गावात बॅनरवर लावलं की लोक थांबून वाचतात. पण आतून संगणक त्याचं इंग्रजी अक्षरांत रूपांतर करतो, एक्स एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी लांबलचक अगम्य ओळ, आणि काही जुन्या फॉर्ममध्ये किंवा मेलमध्ये तीच ओळ दिसते. नावाच्या एका तुकड्याला ६३ अक्षरांची मर्यादा असते, ती या रूपांतर झालेल्या ओळीला लागते, म्हणून मराठी नाव छोटं ठेवा.

खरी अडचण आपली आहे, ऱ्हस्व-दीर्घाची. ‘मुक्त’ला दीर्घ ऊकार देणारे आणि ‘प्रणाली’ची ली ऱ्हस्व लिहिणारे लोक मी रोज बघतो, आणि नावाला ती सवलत नाही, एक वेलांटी चुकली की दुसरंच नाव. म्हणून शब्द असा निवडा की चौथीतलं पोरगं ऐकून बरोबर लिहील. आम्ही खरंच शाळेत जाऊन सहा पोरांना नाव सांगून फळ्यावर लिहायला लावलं होतं, चौघांनी चुकवलं, नाव बदललं.

डीएनएस

डीएनएस म्हणजे नाव टाइप केलं की साइट कोणत्या संगणकावर आहे ते शोधून देणारी व्यवस्था. इथं फार खोलात जात नाही, पण तीन-चार गोष्टी पक्क्या करा. हे उत्तर देणारे संगणक म्हणजे नेमसर्व्हर, ते किमान दोन, आणि दोन्ही एकाच खोलीत नकोत. १९९७ पासून शिफारस आहे की ते वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या नेटवर्कवर असावेत. घरच्या संगणकावर तर बिलकूल नको, आमच्याकडं वादळात डीपी उडाली की चार दिवस अंधार. मूळ प्रकल्प आपला नेमसर्व्हर देत असेल तर तोच वापरा.

नोंदींची फाइल गिटमध्ये ठेवा म्हणजे कोणी काय बदललं ते दिसतं. साइट हलवायची असेल तर आदल्या दिवशी टीटीएल, म्हणजे जुनं उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा, ८६४०० वरून ३०० वर आणा, म्हणजे एका दिवसाऐवजी पाच मिनिटांत बदल पोचतो. काम झालं की परत वाढवा. डीएनएसचा कंत्राटदार बदलणार असाल आणि डीएनएससेक (मिळालेलं उत्तर खरं आहे का ते डिजिटल सहीवरून तपासायची सोय) चालू असेल तर आधी रजिस्ट्रारकडची डीएस नोंद, म्हणजे त्या सहीची खूण, काढा, टीटीएलचा वेळ जाऊ द्या आणि मगच हलवा, नाहीतर तपासणी करणाऱ्या सगळ्या नेटवर्कवर तुमचं नाव जणू नाहीच असं होतं, आणि गंमत म्हणजे तुमच्या स्वतःच्या मोबाइलवर कदाचित चालत असतं म्हणून तुम्हाला कळतच नाही.

त्या नावावरून मेल पाठवणार नसाल तर तसं सांगणारी एसपीएफ नोंद टाकून ठेवा, नाहीतर भुरटे तुमच्या नावानं मेल पाठवतात. सुरक्षित साइटसाठी (एचटीटीपीएस) लागणारं सर्टिफिकेट लेट्स एनक्रिप्ट या सेवेकडून फुकट मिळतं, ९० दिवसांचं असतं, आपोआप नवं होईल असंच लावा. नुसतं दुसऱ्या पानाकडं वळवलेल्या नावालाही सर्टिफिकेट लागतं, हे नव्वद टक्के लोक विसरतात, नव्वद टक्के हे माझं सेंटरवरचं गणित आहे, कुठं छापलेलं नाही. रजिस्ट्रारकडं ट्रान्सफर लॉक चालू ठेवा, म्हणजे नाव कोणी परस्पर दुसरीकडं हलवणार नाही.

वही

एक पान पुरतं. नाव, कोणाच्या नावावर, कोणता रजिस्ट्रार, मुदत, आत कोण कोण जाऊ शकतं, पैसे कोणी भरले, प्रकल्पाची परवानगीची मेल कुठं आहे. पासवर्ड यात लिहू नका. वर्षातून एकदा, आम्ही पोळ्याच्या आधी पैसे भरतो तेव्हाच, दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणाहून खात्यात शिरून बघायचं की शिरता येतं का. गेल्या वर्षी वर्ध्याच्या ताईंना शिरता आलं नाही, मोबाइल बदलला होता, तेव्हाच दुरुस्त झालं.

कोणी टीम सोडून जात असेल तर निरोपाचा चहा पाजायच्या आधी खात्यातून त्याचा नंबर काढा आणि नवा घाला. यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

नाव सोडायचं असेल तर

टीम बसली, साइट मूळ पानात गेली, आता डॉट इन नको, असं होतं. तरी एकदम सोडू नका. आधी मूळ प्रकल्पाला विचारा, त्यांना हवं असेल तर रजिस्ट्रारकडून ऑथ कोड, म्हणजे नाव दुसरीकडं न्यायचा गुप्त कोड, घेऊन त्यांच्याकडं वळतं करा, नवीन घेतलेल्या नावाला बहुतेक ठिकाणी पहिले ६० दिवस ते करता येत नाही. त्यांनाही नको असेल तर निदान दोन-तीन वर्षं ते नुसतं वळवून ठेवा, तेवढ्यात जुने दुवे शोधून बदला: शाळांच्या वह्यांवर छापलेले, कॉलेजच्या पानांवरचे, आणि आमच्या बाबतीत तर एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला एक, तो मात्र अजून तसाच आहे कारण पेंटर सापडत नाही.